विचारा, सांगते : गाण्याला सरकार का भितं?

मागच्या अंकात हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्यांबद्दल एक लहानसा प्रश्न आला होता. त्याला उत्तर दिलं आणि पत्रं येतच राहिली. शहाद्याहून, पारोळ्याहून, चाळीसगावहून. जवळजवळ प्रत्येक पत्रात पुस्तकासोबत गाण्याचाही विषय आहे, आणि मला ते फार आवडलं. धुळ्यात पाचव्या गल्लीतल्या माझ्या दुकानात एका भिंतीला भाड्यानं द्यायच्या कादंबऱ्या असत आणि दुसऱ्या भिंतीला कॅसेटी. कादंबरी बदलायला आलेला माणूस जाता जाता गाण्यांची यादी ठेवून जाई, 'ताई, नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये बसवा.' तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला.

ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. '१९८४' मराठीतून वाचली. भिंतीवरच्या पडद्यातून माणसांवर नजर ठेवणारं सरकार, जुनी वर्तमानपत्रं बदलून टाकणारं खातं, हे सगळं समजलं. पण असल्या कादंबऱ्यांतली सरकारं गाण्याच्या मागे का लागतात? गाण्यानं कुठे राज्य उलटतं का?
*– एक विद्यार्थिनी, शहादा*

तुझं पुस्तक पुन्हा उघड आणि नायक विन्स्टन नि त्याची प्रेयसी ज्युलिया चोरून भेटतात त्या खोलीची खिडकी शोध. खाली अंगणात एक धिप्पाड बाई लहान मुलांची दुपटी वाळत घालते आहे. तोंडात कपड्यांचे चिमटे. चिमटे काढले की ती गाते. ते गाणं कोणा कवीचं नाही. कष्टकरी लोकांना गुंतवून ठेवण्यासाठी सरकारी खात्यानं यंत्रावर तयार केलेलं आहे, माणसाचा हात न लागता. लेखक जॉर्ज ऑर्वेल सांगतो की गाणं भिकार आहे. पण ती बाई ते असं गाते की ऐकत राहावंसं वाटतं. आणि तेव्हा विन्स्टनच्या लक्षात येतं, की सत्ताधारी पक्षाचा एकही माणूस एकटा, आपण होऊन गाताना त्यानं कधी ऐकलेला नाही. एकट्यानं गाणं हे त्या राज्यात एकट्यानं बडबडण्याइतकंच संशयास्पद.

परीक्षेत तुला विन्स्टनला बंडखोर म्हणावं लागेल, म्हण. माझ्या मते त्या पुस्तकातली खरी न हरलेली व्यक्ती ही बाई आहे. विन्स्टन रोजनिशी लिहितो, पकडला जातो आणि १०१ नंबरच्या छळाच्या खोलीत मोडतो. या बाईला शब्द पक्षानं दिले, चालही पक्षानं दिली. तिनं त्यात आपला श्वास घातला आणि गाणं आपलं करून टाकलं. तिला कोणत्या कलमाखाली पकडणार? ती तर सरकारनं दिलेलंच गात होती.

आता त्याच्याही आधीचं एक पुस्तक सांगते. रशियातल्या येवगेनी झाम्यातिननं १९२०-२१च्या सुमारास 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. इंग्रजी भाषांतर १९२४ साली न्यूयॉर्कला निघालं. त्याच्या स्वतःच्या देशात ती छापून यायला १९८८ उजाडलं. त्या राज्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. संगीताच्या कारखान्यातून राष्ट्रगीत वाजतं आणि लोक चार-चारच्या रांगेत पाय मिळवून फिरायला निघतात. संगीत करायलाही यंत्र आहे, दांडा फिरवला की तासाला तीन रचना बाहेर. एका सभेत 'पूर्वीचे लोक कसं वेड्यासारखं वाजवायचे' हे दाखवायला एक स्त्री जुन्या पियानोवर बसते आणि स्क्रियाबिन या जुन्या रशियन संगीतकाराची रचना वाजवते. अख्खं सभागृह हसतं. नायकही हसायला लागतो, पण त्याला हसणं जमत नाही, आतून काहीतरी भाजतं. त्याचं बिनसायला सुरुवात होते ती तिथून. कोणी त्याला पत्रक दिलेलं नाही, भाषण ऐकवलेलं नाही.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ऑर्वेलच्याच 'ॲनिमल फार्म'मध्ये (१९४५) जनावरं ज्या गाण्यानं एकत्र येतात, मालकाला हाकलतात, तेच गाणं पुढे डुकरांचं राज्य पक्कं झाल्यावर बंद केलं जातं. गाण्यातला एक शब्दही बदललेला नाही. कारण असं सांगतात की बंड पूर्ण झालं, आता त्या गाण्याचं काम उरलं नाही. गाण्यात उद्याच्या सुखाची वाट पाहिली आहे, आणि सुख आलंच आहे असं एकदा जाहीर केलं की वाट पाहणं हाच गुन्हा ठरतो. बंदी येण्याच्या जरा आधी, सहकाऱ्यांची कत्तल पाहून टेकडीवर गोळा झालेली जनावरं ते गाणं तीनदा म्हणतात, अगदी हळू, दुःखानं. पूर्वी त्यांनी ते तसं कधी म्हटलेलं नसतं. तो परिच्छेद मोठ्यानं वाच.

राज्य गाण्यानं उलटत नाही, तुझी शंका बरोबर आहे. पण पत्रक वाचायला अक्षर यावं लागतं, कागद लागतो, तो खिशात सापडतो. गाणं झडतीत सापडत नाही. आणि पत्रक माणूस एकटा वाचतो. गाणं चारचौघांत म्हटलं की आपल्या शेजारी कोण उभा आहे, तो कोणत्या ओळीला आवाज चढवतो, कोणत्या ओळीला गप्प होतो, हे कळतं. माणसांना एकमेकांचा असा पत्ता लागणं हीच सत्तेची अडचण.

माझा मुलगा पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचं शाळेविरुद्धचं ते गाणं दिवसभर लावतो आणि स्वतःला बंडखोर समजतो. मी आयुष्यभर शिकवलं. माझं मत असं, की कंपन्या बंड विकतात आणि पोरं ते विकत घेतात. तुम्ही दुकान चालवलंत, तुम्हाला काय वाटतं?
*– एक निवृत्त शिक्षक, अमळनेर*

सर, कंपन्या विकतात हे शंभर टक्के खरं. ते गाणं, 'अनदर ब्रिक इन द वॉल', १९७९चं. त्यातला पोरांचा कोरस लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांनी गायला आहे, आणि रेकॉर्ड जगभर खपली. याच बँडनं दोन वर्षं आधी ऑर्वेलच्या जनावरांवरून सबंध अल्बम केला होता. इंग्लंडचा गायक डेव्हिड बोवी, त्याला '१९८४'चं संगीत नाटक करायचं होतं, ऑर्वेलच्या पत्नीनं परवानगी दिली नाही, म्हणून त्यासाठीची गाणी १९७४च्या 'डायमंड डॉग्ज'मध्ये गेली. कॅनडाच्या रश या बँडचा १९७६चा '२११२' घ्या. पुरोहितांचं राज्य, सगळं संगीत त्यांच्या ताब्यात, एका माणसाला जुनी गिटार सापडते, तो ती आनंदानं पुरोहितांकडे घेऊन जातो आणि ते ती मोडून टाकतात. यातलं काहीही फुकट वाटलं गेलेलं नाही. सगळ्याच्या पावत्या फाटल्या आहेत.

पण पुढचं ऐका. १९८० साली दक्षिण आफ्रिकेत काळ्या आणि मिश्रवर्णी मुलांनी शाळांवर बहिष्कार घातला. कातडीच्या रंगावरून कोणाला कसलं शिक्षण द्यायचं हे तिथलं सरकार ठरवत होतं. त्या मुलांनी हेच गाणं उचललं. इंग्लंडमध्ये ते टोमणे मारणाऱ्या मास्तरांबद्दल होतं. तिथे ते वर्णभेदाबद्दल झालं. शब्द तेच. सरकारनं रेकॉर्डवर बंदी घातली. ज्या कंपनीनं ती विकली तिच्या कोणत्याही हिशेबात हे बसलेलं नव्हतं.

म्हणून गाणं कोणी विकलं यावरून मी त्याची किंमत ठरवत नाही. माझ्या काउंटरवरून भीमगीतांच्या कॅसेटी गेल्या, कामगारांची गाणी गेली, इंग्रजी रॉक गेलं. विकताना मी पैसेच घेतले. ती कॅसेट कोणत्या वस्तीत, कोणत्या रात्री, कोणासमोर वाजली, हे माझ्या हातात कधीच नव्हतं.

आणि गाण्यासाठी खरी किंमत मोजणारेही होऊन गेले, ते विसरून चालणार नाही. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ला लष्करानं सत्ता घेतली. व्हिक्टर हारा हा गायक दुसऱ्या दिवशी पकडला गेला, हजारो लोकांसोबत स्टेडियममध्ये कोंडला गेला आणि काही दिवसांतच त्याला मारून टाकलं. आज त्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे. नायजेरियाच्या फेला कुटीनं डोळे मिटून हुकूम पाळणाऱ्या सैनिकांवर 'झॉम्बी' हा अल्बम केला. १९७७च्या फेब्रुवारीत सुमारे हजार सैनिक त्याच्या वसाहतीत घुसले. त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं. ती पुढच्या वर्षी गेली.

तुमच्या मुलाशी या गाण्यावर बोला. तो विचारेल, तुमच्या शाळेत मारणारे मास्तर होते का. खरं ते सांगा.

आणीबाणीत किशोरकुमारची गाणी रेडिओवर बंद होती ही फक्त दंतकथा आहे का?
*– एक वाचक, भुसावळ*

दंतकथा नाही. सरकारला सिनेमाच्या लोकांकडून वीस कलमी कार्यक्रमाचा प्रचार हवा होता. किशोरकुमारांनी सहकार्य केलं नाही. मे १९७६मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. विद्याचरण शुक्ल तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे हे प्रकरण आलं आणि अहवालात नोंदलं गेलं. लक्षात घ्या, बंद झालेल्या गाण्यांत सरकारविरुद्ध एक अक्षर नव्हतं. प्रेमाची, विरहाची, मस्तीची गाणी होती. गाण्याला नव्हे, 'नाही' म्हणणाऱ्या गळ्याला शिक्षा होती.

लंडन, मॉस्को, चिली सगळं सांगता. आपल्या खान्देशात यातलं काही घडलंच नाही का?
*– एक कार्यकर्ता, नंदुरबार*

भाऊ, तुमच्याच गावात घडलं. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार मेहता, शाळकरी मुलगा, हातात झेंडा, मिरवणूक निघालेली. पोलीस समोर. घोषणा काय होती? 'नही नमशे, नही नमशे, निशाण भूमी भारतनु'. गुजराती ओळ, भारतभूमीचं निशाण झुकणार नाही. नंदुरबारच्या बाजारात आणि घराघरांत जी भाषा होती तीच. ती ओळ नुसती वाचू नका, म्हणून पाहा. पहिल्या दोन तुकड्यांना पाय आपोआप पडतात, तिसऱ्याला आवाज वर जातो. पोरांना ही ओळ शिकवावी लागली नसेल. गोळीबारात शिरीषकुमार गेला आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. त्यांच्या स्मारकाच्या चौकातून जाता-येताना ही नावं मोठ्यानं वाचत जा.

आणि अमळनेर. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३०ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. त्यांच्या 'पत्री' या कवितासंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारनं जप्त केल्या. 'बलसागर भारत होवो' त्यातलीच. आज ती कविता आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांकडून बसवून घेतो आणि टाळ्या वाजवतो. ती एकदा जप्तीच्या यादीत होती, हे त्या पोरांना कोणी सांगत नाही. मला हे सांगणं फार गरजेचं वाटतं. ज्या गाण्यापायी कोणाच्या तरी घराची झडती होऊ शकत होती, ते आपण निव्वळ सवयीनं म्हणतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' तयार झालं. सरकारनं माणसं कोंडली आणि त्या कोंडवाड्यातून एक पुस्तक बाहेर आलं, जे अजून छापलं जातं. मग १९३६चा डिसेंबर. यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष. गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. 'आता उठवू सारे रान' हे त्यांचंच गीत. त्यात राजा, देव, पुराण काही नाही. शेतकरी आहे आणि रान आहे. शेतात राबणाऱ्याला ते दुसऱ्यांदा ऐकताच पाठ होतं.

दुसऱ्याची गोष्ट सांगून आपलं दुखणं बोलायचं, ही युक्तीही आपल्याकडे जुनी आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७चं. रंगमंचावर विराटाचा दरबार, द्रौपदी, कीचक. प्रेक्षकांना मात्र कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. सरकारला हे कळायला थोडा वेळ लागला. १९१० साली नाटकावर बंदी आली. परदेशी लेखकांनी भविष्यकाळ निवडला, खाडिलकरांनी महाभारत निवडलं.

मुलगी चौदा वर्षांची आहे. 'हंगर गेम्स' मागते. त्यात मुलं मुलांना मारतात असं ऐकलं. देऊ का? आणि ती त्यातलं फासाच्या झाडाचं गाणं गुणगुणते, ऐकून अंगावर काटा येतो.
*– एक आई, चाळीसगाव*

द्या. पण तिच्याबरोबर तुम्हीही वाचा. मारामारी आहे, पण लेखिका सुझन कॉलिन्स तिची चव घेत नाही. राजधानीतले लोक ती टीव्हीवर करमणूक म्हणून बघतात, याचा तिला संताप आहे. तुमच्या मुलीला तो संताप बरोबर कळेल. रिॲलिटी शो बघतच तिची पिढी वाढली आहे.

गाण्याबद्दल. ते तिसऱ्या भागात येतं (२०१०). नायिकेला बापानं लहानपणी शिकवलेलं, आणि आईनं घरात म्हणायला मनाई केलेलं. म्हणजे पहिली बंदी सरकारची नाही, आईची आहे, भीतीपोटी. तुमच्या पत्रातला 'काटा' वाचून मला ती आई आठवली. २०१४च्या सिनेमात हेच गाणं म्हणत लोक धरण उडवायला जातात, आणि सिनेमागृहाबाहेर ते खरोखर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढलं. त्याच वर्षी मे महिन्यात थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली होती. तिथल्या तरुणांनी या गोष्टीतली तीन बोटं उंचावण्याची खूण उचलली. नोव्हेंबरमध्ये काही विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांच्या समोरच ती खूण केली आणि त्यांना ताब्यात घेतलं गेलं. पोरीबाळींसाठी लिहिलेल्या कादंबरीतली तीन बोटं एका लष्करी सरकारला सोसली नाहीत. मुलीला हे सांगा, तिला पुस्तक जास्त कळेल.

ताई, मी लग्नात बँडवर गातो, हळदीला डीजेही लावतो. गावातला एक शिकलेला दादा म्हणतो, 'आपला गानास्मा दम नही शे, नुस्ता नाच शे.' लोकांना झोपवून ठेवायचं औषध आहे म्हणतो आमची अहिराणी गाणी. खरं आहे का?
*– एक गायक, पारोळा*

तुझ्या दादानं बहुतेक हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' वाचली आहे (१९३२), आणि त्याची भीती पोकळ नाही. त्या राज्यात लाठी क्वचितच लागते. सोमा नावाची गोळी आहे, कारखान्यातलं संगीत आहे, सगळे खूश. एका प्रसंगात कामगारांची दंगल होते. पोलीस येतात, हवेत सोमाची वाफ सोडतात आणि पेटीतून आधीच रेकॉर्ड केलेला एक प्रेमळ आवाज लावतात : असं का करता, सगळे सुखानं राहा ना. लोक रडतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि घरी जातात. मला '१९८४'मधल्या छळापेक्षा या पानांची जास्त भीती वाटते. तोंड दाबलं तर माणसाला कळतं. कान भरून टाकले तर कळत नाही.

तरी नाचाचं गाणं म्हणजे सोमा, हे मला मान्य नाही. हक्सलीच्या राज्यात एकही माणूस गाण्यातला शब्द बदलत नाही. कोणाला सुचतच नाही. आणि आपल्याकडे? कानबाईच्या सणाच्या रात्री रोटांचा नैवेद्य झाल्यावर बायका जागायला बसतात तेव्हा ऐक. चाल मुंबईच्या सिनेमाची, शब्द अहिराणी, आणि त्यात कापसाचा भाव, दारू पिणारा जावई, न आलेला टँकर, वरमाईचा तोरा, सगळं. रात्री बनवलेलं सकाळी विसरलेलं असतं. कोणती कंपनी ते विकत नाही, कोणतं खातं ते लिहून देत नाही. शहाद्याच्या मुलीला वर ज्या बाईबद्दल लिहिलं, तिच्यापेक्षा आपल्या बाया एक पाऊल पुढे आहेत. त्या शब्दही बदलतात.

लग्नात वाजवण्याला कमी समजू नकोस. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये, प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स नावाचा बँड होता. १९६८ला रशियन रणगाडे शहरात शिरले, त्यानंतर सुरू झालेला. पुढे सरकारनं त्यांचा वाजवण्याचा परवाना काढून घेतला. त्यांची गाणी काही राजकीय नव्हती, विचित्र होती, केस लांब होते, एवढंच. परवाना नाही म्हणून ते खेड्यांत, कोठारांत, लग्नांत वाजवायचे. फेब्रुवारी १९७६मध्ये बोयानोविट्से या खेड्यात त्यांच्या एका मित्राच्या लग्नात असंच वाजवलं आणि पुढच्या महिन्यात धरपकड झाली. सप्टेंबरमध्ये खटला चालला. नाटककार व्हाक्लाव्ह हावेल तो ऐकायला कोर्टात जाऊन बसला. कोणालाही न दुखावणाऱ्या गाण्यासाठी पोरांना तुरुंगात टाकतात, तर उद्या कोणालाही टाकतील, हे तिथल्या लेखक-प्राध्यापकांना उमगलं, आणि जानेवारी १९७७मध्ये 'चार्टर ७७' हे जाहीर निवेदन निघालं. १९८९च्या डिसेंबरात हावेल देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. मधल्या बारा वर्षांत तो तुरुंगात जाऊन आला होता.

त्यामुळे गाण्यात पोरगी असू दे, नाच असू दे. पण तुझ्या डीजेबद्दल मला तक्रार आहे आणि ती मनापासून सांगते. डीजे लागला की हळदीला बसलेल्या बायका गायच्या थांबतात. आवाज इतका मोठा असतो की आजीच्या तोंडातली ओळ नातीपर्यंत पोहोचत नाही. 'नवरदेवाची आई' म्हणून सुरू केलेलं कडवं अर्ध्यात सुटतं. ऑर्वेलच्या पुस्तकात साध्या सभासदाला घरातला पडदा बंद करता येत नाही, आवाज फक्त बारीक करता येतो. आपल्याकडे बारीकही होत नाही, आणि इथे बळजबरी कोणत्याच सरकारची नाही. रेडिओवर एक काळ असा होता की मंत्री केसकरांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी हटवली. १९५२ सालची गोष्ट. लोकांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनवर नेला. माझ्या लहानपणी घरात सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला लागायची ती सिलोनवरच. ऐकणाऱ्याच्या हातात तेव्हा काटा तरी होता. मांडवात बसलेल्या बाईच्या हातात काय आहे?

एवढं कर. हळदीच्या दिवशी संध्याकाळी तासभर मशीन बंद ठेव. बायकांना गाऊ दे, तू ढोलकी धर. त्या ज्या ओळी म्हणतील त्या फोनवर रेकॉर्ड कर, त्यांना विचारून. मग त्यातली एखादी चाल घेऊन तुझ्या बँडवर बसव आणि कोणाची आहे ते माइकवर सांग. त्या दादालाही बोलाव.

रशियात म्हणे एक्स-रेवर गाणी रेकॉर्ड करायचे. खरं की गप्पा?
*– जुन्या रेकॉर्डचा एक संग्राहक, जळगाव*

खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये हे जोरात चाललं. जॅझ आणि देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी दुकानात मिळत नव्हती. दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म गोल कापायच्या, घरी बनवलेल्या मशीनवर त्यावर खाच कोरायची, मधलं भोक सिगारेटच्या निखाऱ्यानं पाडायचं. कोणाच्या बरगड्या, कोणाची कवटी, आणि त्यावर फिरणारी सुई. आवाज खरखरीत, थोड्या वेळा वाजवलं की संपलं. लोक ते बाहीत लपवून विकायचे. पकडले गेले ते तुरुंगात गेले आणि सुटून आल्यावर पुन्हा कोरायला बसले. साठच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघरी आले तेव्हा एक्स-रेची गरज संपली. डबल डेकवर रात्र रात्र कॅसेटी उतरवल्यामुळे मला त्या माणसांबद्दल फार जवळीक वाटते. फरक इतकाच की माझ्या दुकानाचं दार उघडं असायचं.

मला या विषयावर वाचायला सुरुवात करायची आहे. इंग्रजी जेमतेम. कशापासून करू?
*– एक वाचक, साक्री*

'ॲनिमल फार्म'पासून. मराठीत मिळतं, एका संध्याकाळी होतं. मग '१९८४'. त्यानंतर रे ब्रॅडबरीची 'फॅरेनहाइट ४५१' (१९५३) : तिथे बंब विझवायला येत नाही, पुस्तकं जाळायला येतो, आणि शेवटी रानात राहणारी काही माणसं एकेक पुस्तक तोंडपाठ करून सांभाळतात. आपल्या भागातल्या वाचकाला यात परकं काही वाटणार नाही. बहिणाबाईंची गाणी अशीच त्यांच्या तोंडात होती. घरच्यांनी ती ऐकून उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघू शकलं.

मूळ मराठीतलंच हवं असेल तर विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात' वाचा, १९८३ची. इराकमधल्या बसऱ्याला शिकवायला गेलेला मराठी माणूस आणि त्याच्याभोवतीची हुकूमशाही. सारंग स्वतः तिथे शिकवत होते, त्यामुळे भीती कशी रोजच्या चहासारखी पचवली जाते हे त्यांना ठाऊक आहे. दुकानात ही कादंबरी सहजी मिळत नाही. तालुक्याच्या वाचनालयात विचारा. कपाटात नसली तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, आणि चार मित्रांनाही लिहायला सांगा.